रात्रीची लाईट, पहाटेचा तास आणि मधली झोप

जानेवारीतली रात्र. साडेबारा वाजून गेले होते. वाळवा तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात उसाच्या कडेला एक पोरगा कानाला मफलर गुंडाळून उकिडवा बसला होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरे. सरी भरली की उठायचे, दारे मोडून पुढच्या सरीला पाणी लावायचे आणि पुन्हा येऊन बसायचे, एवढेच त्याचे काम. काम काही अवघड नाही. अवघड आहे ते मधल्या दहा-पंधरा मिनिटांत डोळा लागू न देणे. डोळा लागला की पाणी शेजाऱ्याच्या वावरात, आणि सकाळी बांधावर भांडण.

"दहावीला हाय मी," तो म्हणाला. "पप्पांच्या कमरंचं आप्रेशन झालंय. तवापास्नं रातचं पाणी माझ्याकडंच."

रात्रीच्या विजेवर एक बातमी करावी म्हणून प्रस्तुत लेखक त्या शिवारात गेला होता. बातमी हाती लागली ती वेगळीच. त्या मुलाबरोबर बांधावर बसून त्याच्या दिवसाचा हिशोब मांडला तेव्हा असे दिसले: लाईट रात्री दहाला येते. दोन-अडीचपर्यंत दारे धरायची, तीनच्या सुमाराला अंथरुणात. पावणेसहाला आई उठवते, कारण म्हशीची धार काढून दूध डेअरीला घालायचे असते. साडेसातला शाळेत दहावीचा जादा तास. अकराला शाळा भरते, पाचला सुटते. मग वैरण, पुन्हा धार, जेवण, थोडाफार अभ्यास, की परत लाईटची वाट बघणे.

म्हणजे झोप पावणेतीन तास. ज्या आठवड्यात लाईट दिवसा असते त्या आठवड्यात सहा तासांवर जाते. तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. "सवय झालीया," एवढेच म्हणाला आणि दारे मोडायला उठला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हायस्कुलात गेलो. तिसऱ्या तासाला गणित चालले होते. आमचे हे चिरंजीव शेवटून दुसऱ्या बाकावर, पुस्तक उभे धरून, पुस्तकामागे झोपलेले. सरांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. तास संपल्यावर व्हरांड्यात म्हणाले, "पोरगं हुशार आहे हो. सातवीत गणितात वर्गात पहिला होता. पण आता झोपाळू झालंय. काय करायचं?"

गावोगावी हा शब्द कानावर येतो. झोपाळू. आळशी. सुस्त. तेरा-चौदा वर्षांपर्यंत कोंबड्याबरोबर उठणारे पोर मिसरूड फुटायला लागली की सकाळी उठता उठत नाही आणि रात्री झोपता झोपत नाही. आई म्हणते मोबाईलने बिघडले. वडील म्हणतात संगत वाईट. आज्जा म्हणतो, पिढीच नासली. या तिघांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य असेलही. पण या वयात मुलाच्या शरीरात जे घडते त्याची त्या तिघांनाही कल्पना नसते, आणि खरे तर शाळेलाही नसते.

शरीराचे घड्याळ मागे पडते

आपल्या शरीरात एक घड्याळ असते. अंधार पडला की काही वेळाने मेंदूतून मेलाटोनिन नावाचा द्रव रक्तात उतरू लागतो आणि झोपेची वेळ झाल्याचा निरोप शरीराला मिळतो. लहान मुलात आणि म्हाताऱ्या माणसात हा निरोप लवकर येतो. वयात येणाऱ्या मुलामुलींत मात्र तो एक-दोन तास उशिरा येऊ लागतो. शिवाय दिवसभराच्या जागरणाने अंगावर जो झोपेचा भार चढत जातो, तोही या वयात हळू चढतो. त्यामुळे नऊला अंथरुणावर घातले तरी पोर अकरापर्यंत कूस बदलत राहते. त्यात त्याचा दोष नाही. हे मागे पडलेले घड्याळ पुन्हा पुढे सरकायला लागते ते मुलींमध्ये एकोणीस-वीसच्या आसपास आणि मुलांमध्ये एकविसाच्या सुमाराला. तोपर्यंत दहावी, बारावी, सगळे उरकलेले असते.

दुसरी गोष्ट झोपेच्या गरजेची. मूल मोठे होईल तशी त्याला झोप कमी लागते, असा आपला समज आहे. शास्त्रज्ञांचाही होता. मेरी कार्सकॅडन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी सुट्टीत मुलांची झोप-शिबिरे भरवली. तीच ती मुले वर्षामागून वर्षे बोलावली आणि रात्री दहा तास अंथरुणात पडू दिले. वय वाढत गेले तरी मुले साधारण सव्वानऊ तासच झोपत राहिली. झोप काही कमी झाली नाही. उलट वयात आलेली मुले तेवढीच झोप घेऊनही दिवसा जास्त पेंगुळलेली आढळली. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जे कोष्टक दिले त्यात तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असे म्हटले आहे. आठ ते दहा! हे कोष्टक त्या हायस्कुलातल्या दहावीच्या वर्गाला वाचून दाखवले तेव्हा वर्ग खो खो हसला. "रोज आठ तास कोण झोपतं, हात वर करा," म्हटल्यावर एक-दोन हात वर आले आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे हेव्याने पाहिले.

आज्जाचे म्हणणे असे की, "आमी चारला उठून मोट धरायचो. आमाला काय झालं?" खरे आहे. पण आज्जा झोपायचे कधी, हेही त्यांनीच सांगितले. दिवेलागण झाली की तासाभरात भाकरी आणि भाकरीवर लगेच घोंगडे. आठला झोपून चारला उठायचे म्हणजे आठ तास भरले की! नातवाला चारचे उठणे वारशात मिळाले, आठचे निजणे मिळाले नाही.

आणि जो नातू रविवारी दहापर्यंत लोळतो म्हणून शिव्या खातो, तो आठवड्याची थकलेली बाकी वसूल करत असतो. अर्थात दहापर्यंत झोपल्याने रविवारी रात्री पुन्हा झोप लवकर येत नाही आणि सोमवार आणखी जड जातो, हेही खरे. सोसायटीच्या कर्जासारखे आहे हे. जुने फेडायला नवे काढायचे.

झोप मोडली की काय मोडते

दिवसभर जे वाचले, ऐकले ते पक्के बसण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो. शेणखत टाकले आणि मातीआड केले नाही तर उन्हाने वाळून जाते, तसे न झोपता केलेल्या पाठांतराचे होते. वाढीला लागणारा द्रव गाढ झोपेत जास्त सुटतो. झोप कमी पडली की भूक बिघडते, गोड-तळकट खावेसे वाटते, रक्तातली साखर आवरणारी यंत्रणा ढिली पडते. चिडचिड वाढते, मन खचते. घरातले लोक म्हणतात, पोरगं अंगावर येतंय. ते झोपून उठल्यावर बोलून बघा, असा आमचा एक साधा सल्ला आहे.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. माणूस सलग सतरा-अठरा तास जागा राहिला की त्याच्या हालचाली आणि समज थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यावर जे होते तसे. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे ०.०३ टक्क्यांची. पहाटे सहाला उठलेले पोर रात्री अकरा वाजता मोटरसायकलला किक मारून मळ्याकडे निघते, तेव्हा वासाला तोंड स्वच्छ असते आणि डोके मात्र प्यायलेले. त्याला लायसन नसते हा भाग आणखी वेगळा. गळिताच्या हंगामात समोरून उसाचे ट्रॅक्टर येत असतात, मागे दोन ट्रॉल्या, मागचा दिवा बंद, आणि गाणी अशी की हॉर्न ऐकू येऊ नये. (त्या गाण्यांनी रस्त्याकडेच्या घरांतली किती झोप मोडते तो एका स्वतंत्र लेखाचा विषय होईल.)

जागे राहण्यासाठी मुले काय करतात तेही बघितले पाहिजे. बांधावर भेटलेल्या त्या मुलाने थर्मासमधला चहा दाखवला. त्याच्या जोडीला असलेल्या मोठ्या पोराने खिशातली माव्याची पुडी लपवली. चहातले कॅफिन निम्मे उतरायला चार-पाच तास जातात, म्हणजे दहाचा चहा दोनलाही काम करतो. तंबाखूतले निकोटिनही झोप उडवते. रात्रीच्या पाण्याला सुरू झालेला मावा पुढे दिवसा सुटत नाही. तंबाखूमुक्त शाळेची पाटी फाटकावर लावली जाते, पण व्यसन लागते ते तिथून चार किलोमीटरवर, डीपीखाली.

लाईट कुणाच्या झोपेवर येते

शेतीपंपाची वीज दिवसा काही तास आणि रात्री काही तास अशी पाळीने मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसाचे, काही दिवस रात्रीचे. शहरातल्या वाचकाला वाटेल की ऑटो बसवला की झाले, मोटर आपोआप सुरू होते. मोटर सुरू होते हो, पण सरीतले पाणी आपोआप वळत नाही. ठिबक असेल तर काम हलके होते. पाटपाण्याला मात्र माणूस लागतोच. आणि घरातला माणूस कारखान्यावर पाळीला, नाहीतर अंथरुणाला खिळलेला असला की ते माणूस म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचे पोर. साप, विंचू, थंडी, शॉक या गोष्टींवर शेतकरी संघटनांनी दिवसा विजेसाठी आंदोलने केली आहेत. झोपेचे कलम कुणाच्या निवेदनात वाचल्याचे आठवत नाही.

दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर पॅनेल उभे करून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची अशी ती योजना. जिथे ती पोचली तिथे रात्रीचे पाणी सुटले. शेजारच्या गावात गेल्या वर्षापासून दिवसा लाईट आहे. तिथल्या एका बाईंना विचारले, काय फरक पडला? वाटले, उत्पन्नाचे सांगतील. त्या म्हणाल्या, "रातचं घरात समदी मानसं असत्यात, दादा. आन पोरगं सकाळच्याला एका हाकंत उठतंय."

मुलींचा हिशोब आणखी वेगळा

मुली दारे धरायला जात नाहीत, म्हणून त्यांची झोप पुरी होते असे कुणी समजू नये. एका वस्तीवरची अकरावीतली मुलगी. कॉलेज तालुक्याला, सकाळी साडेसातचे. एसटी सव्वासहाला फाट्यावर येते आणि फाटा वस्तीपासून दीड किलोमीटर. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, त्याने कितीतरी मुली शिकल्या, हे सांगायलाच हवे. पण पास मोफत असला तरी गाडी पहाटेचीच. ही मुलगी साडेचारला उठते. पाणी तापवणे, झाडलोट, चार भाकऱ्या, स्वतःचा डबा. भाऊ तिच्याहून वर्षाने मोठा, त्याच गाडीने जातो, तो पावणेसहाला उठतो. आईला विचारले तर आई प्रांजळपणे म्हणाली, "पोरीच्या जातीला सवय पायजे."

रात्री मुलगी झोपते कधी? भांडी घासून झाल्यावर, म्हणजे दहाला. मग पुस्तक. अकरा-साडेअकरा होतात. त्या मुलीने एक गोष्ट सांगितली ती नोंदवून ठेवतो. "पडलं की पाय वळवळत्यात. चावल्यासारखं व्हतंय. मग झोपच लागत नाय." घरच्यांनी तेल चोळले, पाय बांधून ठेवले, एकाने तर नजर लागली म्हणून सांगितले. अंगात लोह कमी असले की पायांची अशी तगमग होते आणि ती रात्रीच जास्त होते, हे वैद्यकात चांगले ठाऊक आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळले. शाळेत आठवड्याला जी निळी गोळी देतात ती याच्यासाठी असते. बऱ्याच मुली ती खिडकीतून टाकतात, कारण पोट मळमळते. उपाशीपोटी न घेता जेवणावर घ्यायची एवढे कुणी नीट सांगितले तरी निम्मे काम होईल. दिवसा सुस्ती म्हणजे झोपच कमी असे नव्हे, रक्तही कमी असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यायला पैसे पडत नाहीत.

पहाटे चारचा अभ्यास

आता जरा शाळेकडे येऊ. हे लिहिताना मनात थोडी धाकधूक आहे, कारण ज्या गुरुजनांबद्दल लिहायचे ते पदरमोड करून मुलांसाठी राबणारे आहेत.

आपल्याकडे हायस्कुलात रात्र अभ्यासिकेची जुनी रीत आहे. दिवाळीनंतर दहावीची मुले जेवून वळकटी घेऊन शाळेत येतात, दहा-साडेदहापर्यंत अभ्यास, वर्गातच झोप, आणि पहाटे चारला सर घंटा वाजवतात. घरात जागा नाही, दिवा नाही, बापाचे पिणे, अशा किती तरी मुलांचे आयुष्य या अभ्यासिकांनी मार्गी लावले. प्रस्तुत लेखकही अशाच एका वर्गात सतरंजीवर झोपून दहावी झाला आहे. पहाटे डोळ्यांना लावलेले ते रांजणातले पाणी अजून आठवते. पण त्या चार ते सहामध्ये काय वाचले, ते तेव्हा सकाळी आठलाही आठवत नसे. तेव्हा वाटायचे आपलेच डोके जड.

साडेदहाला झोपून चारला उठणे म्हणजे साडेपाच तास. त्या वयाच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे चार ही अगदी मध्यरात्र असते. पहाटेचा शेवटचा पहर हा स्वप्नांच्या झोपेचा, आणि नेमकी तीच झोप कापली जाते. बरे, हे ज्याच्यासाठी चालते तो बोर्डाचा पेपर किती वाजता? सकाळी अकरा वाजता! अकराला डोके तरतरीत पाहिजे म्हणून ते चारला जागे करायचे, हा हिशोब कोणत्या पाढ्यात बसतो?

एका गावच्या मुख्याध्यापकांशी यावर बराच वेळ बोलणे झाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "पालकांना चारची घंटा ऐकू आली पाहिजे," ते म्हणाले. "घंटा वाजली की गाव म्हणतं, शाळा काम करते. सहाला वाजवली तर म्हणतील, सर झोपले." तरी त्यांनी दोन वर्षांपासून घंटा साडेपाचवर नेली आहे, आणि रात्री दिवे दहाला बंद. निकाल वाढला का, हे विचारले. ते म्हणाले, ते दोन वर्षांवरून सांगता येणार नाही. पण सकाळच्या तासाला आता खडू फेकून मारावा लागत नाही.

गंमत अशी की, आमच्या खेड्यातल्या हायस्कुलाची अकराची वेळ ही या वयाला सगळ्यात सोयीची आहे. कुणी शास्त्र बघून ठरवली नव्हती. लांबून चालत येणारी पोरे, घरची कामे, बाईमाणसाचा स्वयंपाक यांवरून ती पडली. ती चांगली वेळ आपणच जादा तासांनी, क्लासने आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेने खाऊन टाकली. अकरावी-बारावीला तर तालुक्याच्या कॉलेजात साडेसातची पाळी ठरलेलीच, कारण त्याच खोल्यांत नंतर दुसरे वर्ग भरायचे असतात.

आणि साडेसात म्हणजे तरी किती? आपले घड्याळ चालते ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. सांगली त्याच्या पश्चिमेला जवळजवळ आठ अंश. अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य आपल्याकडे सुमारे ३२ मिनिटे मागे आहे. मनगटावर साडेसात झालेले असतात तेव्हा शिवारातल्या सूर्याचे नुकते सात वाजत आलेले असतात. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतोच सातनंतर. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या मुलांच्या झोपेचा अभ्यास केला. जिथे सूर्य घड्याळाच्या मानाने तासभर उशिरा मावळतो, तिथली मुले साधारण अर्धा तास कमी झोपतात, असे त्यांना आढळले. रात्र उशिरा होते, पण शाळेची घंटा देशभर सारखीच वाजते.

सातचा भोंगा

मोबाईलचे नाव इतक्या उशिरा आले याचे वाचकांना नवल वाटले असेल. मुद्दामच उशिरा घेतले, कारण एकदा त्याला धरले की बाकी सगळे सुटतात. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर सरकारनेच अभ्यास मोबाईलवर पाठवला आणि तो घरात राहिला. पांघरुणात डोक्यावरून घेऊन रील बघणारी पोरे आहेत, रात्री दीडपर्यंत गेम खेळणारी आहेत. डोळ्यांवर पडणारा उजेड मेलाटोनिनला मागे ढकलतो. पण उजेडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यातला पुढचा, पुढचा आणि पुढचा. आधीच उशिरा येणारी झोप त्याने आणखी उशिरा येते.

यावर आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी वाट काढली. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा, की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. मुले अभ्यासाला, मोठे वाचायला किंवा बोलायला. साडेआठला दुसरा भोंगा. देशभरातून पत्रकार येऊन गेले. तो भोंगा अभ्यासासाठी होता, झोपेसाठी नव्हे. पण संध्याकाळीच अभ्यास उरकला की रात्र मोकळी होते, हे त्यातले आम्हाला जास्त मोलाचे वाटते. एखाद्या गावाने रात्री दहाचा भोंगा लावून बघायला हरकत नाही. तेव्हा मात्र मोठ्यांचेही मोबाईल बंद हवेत. बाप क्रिकेट बघतोय आणि पोराला म्हणतोय झोप, हे कुठल्याच गावात चालत नाही.

तिकडे आणि इकडे

अमेरिकेत यावर शाळेची वेळच बदलण्याचे प्रयोग झाले. सिएटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या मुलांची शाळा सात पन्नासवरून पावणेनऊला नेली. मुले रात्री आणखी उशिरा झोपतील अशी भीती होती. मनगटावर यंत्रे बांधून मोजले तेव्हा मुले ३४ मिनिटे जास्त झोपत असल्याचे दिसले. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला आणि २०२२ पासून तिथली हायस्कुले साडेआठच्या आधी भरत नाहीत. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला आणि २०२५ मध्ये तो अंमलात येण्याआधीच मागे घेतला. कारण काय, तर बसगाड्यांचे वेळापत्रक आणि खर्च. म्हणजे सव्वासहाच्या एसटीचे दुखणे तिकडेही आहे.

आपल्या राज्यातही फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहानग्यांची काळजी घेतली हे बरेच झाले. पण वरचे घड्याळ आठवा. पहिली-दुसरीतले पोर तसेही पहाटे उठून चुलीपाशी येऊन बसते. ज्याला उठवत नाही तो नववी-दहावीतला आणि अकरावी-बारावीतला, त्याचा या निर्णयात उल्लेख नाही. पाचवीपासून पुढे झोप लागत नाही, असे बहुधा शासनाचे मत असावे.

शासन निर्णयाची वाट बघत बसायचे नसेल तर गावात काय करता येईल, असे त्या मुख्याध्यापकांना विचारले. त्यांनी जादा तास सकाळऐवजी संध्याकाळी पाच ते सहा घेऊन बघितले होते. आठवडाभर चालले. मग पालक आले, म्हणाले, सर, धारेची वेळ आहे, पोरगं पाचला घरी लागतं. पुन्हा सकाळ आली, पण साडेसातऐवजी नऊला. नऊ ते अकरा तास, मग शाळा. हे टिकले आहे. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर ज्याला पाहिजे त्याला वीस मिनिटे बाकावर डोके टेकायची मुभा त्यांनी दिली आहे. सुरुवातीला एक पालक भांडायला आले, शाळेत पोरं झोपवता म्हणून. सर म्हणाले, "आधी पण झोपायचीच, गणिताच्या तासाला. आता सांगून झोपतात."

त्या बांधावरच्या मुलाला परवा फाट्यावर पुन्हा भेटलो. चेहरा जरा टवटवीत दिसला. म्हटले, काय, झोप झाली वाटतं? हसला. या आठवड्यात लाईट दिवसाची होती, चुलता दारे धरत होता. प्रिलिमला गणितात एकोणसत्तर पडले म्हणाला. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, म्हणून विचारले, परीक्षेच्या आठवड्यात लाईट कुठली आहे?

त्याने बोटे मोजली. "गणिताच्या पेपराला रातचीच येतीया," तो म्हणाला आणि डेअरीचे कॅन सायकलला अडकवून निघाला.